फेच्केच्या सीटखालचं नाव

१

वृद्धाश्रमात बाबांना सूप भरवत होते तेव्हा गेडेऑनचा फोन आला.

"एमोके, बसलीयेस ना? तोल्नाई मिस्त्रीच्या तळघरात नव्या मालकानं भिंत फोडली. मागे फेच्के निघाली. पिवळी."

चमच्यातलं सूप बाबांच्या कॉलरवर सांडलं.

"उजवं मडगार्ड फुटलेलं आहे," तो हलकेच म्हणाला. "पेपरवाल्यांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लगेच फोन केला."

गेडेऑन वार्कोनी हा आमच्या मोहाच गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. गोड बोलतो, आणि वाईट बातमी तर त्याहून गोड सांगतो.

फेच्के म्हणजे पाकोळी. ऐंशीच्या सुमारास, गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायच्या काळात, तोल्नाई मिस्त्रीनं स्वतःच्या अंगणातल्या छोट्या कारखान्यात गाड्या बनवल्या. खाली रशियन झिगुली गाडीची चासी, वर हातानं थापलेली फायबरची बॉडी, मागचे दिवे बसचे, पुढची काच दुसऱ्याच एका गाडीची मागची. अशा चारच झाल्या. एक लाल, एक पांढरी आणि दोन पिवळ्या. एक पिवळी गेडेऑनची, दुसरी माझ्या बाबांची, देझोची.

१९८३च्या तीन ऑक्टोबरला संध्याकाळी एका बुटक्या पिवळ्या गाडीनं सायकलवरून जाणाऱ्या सुईणीला उडवलं. ती जागच्या जागी गेली. पोलिसांना फेच्केचा सुगावा लागेपर्यंत डिसेंबर उजाडला. गेडेऑनची गाडी त्यांनी तपासली. चासीचा नंबर कागदाशी जुळत होता आणि गाडीवर साधा ओरखडाही नव्हता. बाबांकडे दाखवायला गाडीच नव्हती. कोर्टात ते एकच वाक्य म्हणत राहिले, "गाडी पुरी झाली नव्हती. माझ्या हातात कधी आलीच नाही." ज्याला हे खरं माहीत होतं तो तोल्नाई मिस्त्री नोव्हेंबरातच झटका येऊन वारला होता. बाबांना तीन वर्षं झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळेत माझ्या बाकावर दोन वर्षं दुसरं कुणी बसलं नाही.

"कोणाचा फोन?" बाबांनी विचारलं. त्यांचं हृदय आता तारेवरची कसरत करतंय, डॉक्टरांनी हिवाळ्याच्या पलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं.

"चुकून लागला होता," मी म्हणाले आणि कॉलर पुसू लागले. एकतीस वर्षं मी बाबांवर विश्वास ठेवला होता. आता तळघरात जाऊन तो तपासायची वेळ आली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिंकाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली घेऊन मी वेन्देल बाचीच्या दारात उभी राहिले. वयानं मोठ्या बाप्याला आम्ही बाची म्हणतो, बाईला नेनी. हर्मात वेन्देल तीस वर्षं वाहन तपासणीत होता. घरगुती गाडी कुणी बनवली, कधी, कशातून, हे देशभरातून लोक त्याला विचारायला येतात. गाडीसमोर तो नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटून उभा राहतो.

"बाटली कशाला?"

"आज वीस ऑक्टोबर. तुमच्या नावाचा दिवस."

"बायको विसरली, तुला बरं आठवलं!" तो खूश झाला. कॅलेंडरातल्या प्रत्येक तारखेला नावं वाटून दिलेली असतात आमच्याकडे. वाढदिवस विसरलात तर चालतं, नावाचा दिवस विसरलात तर बोलणी खावी लागतात. त्यानं दोन छोटे पेले भरले, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, तुला खरं हवंय की धीर हवाय? दोन्ही एका बाटलीत मिळत नाही."

"खरं," मी म्हणाले. धीर हवा होता.

डोंगरावर, द्राक्षमळ्यातल्या त्या तळघरात ओल आणि जुन्या द्राक्षांचा वास होता. फोडलेल्या विटांच्या मागे ती होती. गाडी कसली, नुसती बॉडी. विटांवर ठेवलेली. चासी नाही, इंजीन नाही, काचा, दिवे, सीट काही नाही. उजवं मडगार्ड मात्र कवटीसारखं फुटलेलं. मला तिकडे बघवेना.

वेन्देल बाची बॅटरी घेऊन तासभर फिरला. मधेच बोल्टांच्या भोकांवरून बोट फिरवून म्हणाला, "गंमत आहे."

"काय?"

"घाबरलेला माणूस गाडी लपवतो. ढकलतो, झाकतो, पळतो. इथे कुणीतरी चार दिवस पाना घेऊन एकेक बोल्ट सोडत बसलाय. एकही भोक फाटलेलं नाही. दिवेसुद्धा वायरी न तोडता काढलेत. हे सगळं त्याला परत वापरायचं होतं."

"मग बॉडी जाळून का नाही टाकली?"

"फायबर जाळून बघ एकदा. डोंगरभर काळा धूर, आणि आठ दिवस वास. त्यापेक्षा भिंत बरी." तो आत वाकला. ड्रायव्हरची सीट जिथे असायची तिथे त्यानं फडक्यानं धूळ पुसली. "अरेच्चा. ये इकडे."

फायबरच्या पोटात, पिवळट रेझीनखाली, बोटाएवढी कागदाची पट्टी होती. कात्रीनं नीट कापलेली. तिच्यावर एकच छापील शब्द होता.

मार्गित.

मार्गित माझ्या आईचं नाव.

३

"तुझ्या बाबानंच लिहायला सांगितलं असणार," गेडेऑन म्हणाला. त्याच्या गॅरेजात आम्ही उभे होतो. त्याच्या बायकोनं पोगाचांची, म्हणजे खारट छोट्या पावांची, ताटली आणून ठेवली होती, मी हात लावला नाही. "बायकोचं नाव गाडीला. त्यात काय विशेष? माणूस प्रेमळ होता. चुकला एकदा, अंधारात. एमोके, मी कधी त्याला दोष दिलेला नाही."

हे मात्र खरं होतं. गेल्या तीस वर्षांत त्यानं बाबांना एकदाही दोष दिला नव्हता. दरवेळी फक्त माफ करायचा.

त्याची पिवळी फेच्के आरशासारखी चमकत होती. वेन्देल बाचीनं तिच्याभोवती एक फेरी मारली. "सुंदर ठेवलीस रे. कागद?"

गेडेऑननं फाइल तयारच ठेवली होती. "बारा ऑगस्ट त्र्याऐंशी, तपासणी झाली. हा शिक्का. हा चासीचा नंबर, खाली वाकून जुळवून घ्या. पोलिसांनीही तेव्हा जुळवला होता."

वेन्देल बाची खरंच आडवा झाला, पोटावर सरपटत खाली गेला, उठताना कण्हला. "जुळतोय." मग सहज विचारावं तसं म्हणाला, "ड्रायव्हरची सीट काढू का? हिच्यातपण नाव आहे का बघू."

"काढा की! मी सगळ्यांना दाखवतो ते." गेडेऑननं स्वतःच सीट उचलली. तशीच पट्टी, तसंच रेझीन. ओर्शोया.

"आता मिस्त्रीच्या बायकोचं नाव तर इर्मा," गेडेऑन डोळा मारत म्हणाला. "मग ही ओर्शोया कोण, हे तुम्ही ओळखा. लाल गाडीत तेरेझ आहे, पांढरीत गिझेला. म्हातारा दिसायला साधा, पण गाव कोळून प्यायलेला! क्लबात आम्ही दर वर्षी त्या चौघींच्या नावानं एकेक पेला उचलतो."

"चौघी कशा?" वेन्देल बाची म्हणाला. "मार्गित तर आज सकाळी सापडली."

गेडेऑननं सीट परत जागेवर ठेवली. "म्हणजे तिघी हो. आता चौघी झाल्या." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेन्देल, दाखला लिहून टाका. सापडलेली बॉडी देझोची. म्हातारा अंथरुणाला खिळलाय, आता कोण त्याला काय करणार? मोहाचच्या लढाईत याहून जास्त गेलं होतं."

पाचशे वर्षांपूर्वी आम्ही हरलेल्या लढाईवरची ही म्हण देशभर वापरतात. मोहाचमध्ये राहणाऱ्याला ती लहानपणापासून पुरेशी झालेली असते. मी हात झटकला आणि बाहेर आले.

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. "बाची, आईचंच नाव आहे. बाबांनी खोटं सांगितलं तर? आई शेवटी शेवटी बाबांच्या डोळ्यांत बघायची नाही. तिला काही माहीत असेल तर?"

"माहीत नाही," वेन्देल बाची म्हणाला. त्यानं धीर द्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "उद्या इर्माकडे जाऊ. ती दारात उभं करील तर."

४

इर्मा नेनीनं तीस वर्षं गाडीवाल्यांना दारात उभं केलेलं नव्हतं. क्लबाचं कुणी गेलं की कुत्रा सोडायची. रिकाम्या हातानं जायला नको म्हणून बाजाराच्या चौकात फुलांच्या दुकानापाशी मी गाडी थांबवली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवंतीचा गुच्छ बांधून घेत होते, इतक्यात मागे वेन्देल बाची ओरडला. मला वाटलं याला काही झालं.

तो दुकानाबाहेरच्या खडूच्या पाटीकडे बघत होता. फुलवाले रोज पाटीवर लिहितात, आज कुणाच्या नावाचा दिवस आहे ते. म्हणजे लोकांना फुलं घ्यायची आठवण होते.

आज ओर्शोया.

"मी गाढव आहे," तो म्हणाला. "साठ वर्षं वीस तारखेला पितो आणि एकवीसला डोकं धरून कॅलेंडर बघतो. दर वर्षी तिथे ओर्शोया असते. आणि काल ते नाव बघून मीपण गेडेऑनसारखा बाईच शोधत बसलो! एमोके, मार्गितचा दिवस कधी?"

मला विचार करायची गरज नव्हती. आईसाठी दर वर्षी केक आणायचो आम्ही. "वीस जुलै."

"चल. पळ."

इर्मा नेनीनं दार बोटभर उघडलं. "फुलं कुठल्या बाईसाठी? माझ्यासाठी का तेरेझसाठी?"

"नेनी, एकच विचारतो," वेन्देल बाचीनं टोपी काढली. "घरात रोजचं पान फाडायचं कॅलेंडर होतं का?"

तिला असा प्रश्न अपेक्षित नसावा. कुत्र्याची साखळी तिनं तशीच धरून ठेवली. "होतं. का?"

"फाडलेली पानं कुठे जायची?"

"कुठे जायची म्हणजे? मागे पाककृती असायच्या. मी ठेवायची. वर्षवार, दोऱ्यानं बांधून." ती एकदम भडकली. "आणि त्यातली त्यानं मधेच उचललेली! आलुबुखाराच्या गोळ्यांची कृती अर्धी राहिली माझी, पुढची दुसऱ्या दिवशीच्या पानावर होती आणि ते पानच गायब. विचारलं तर म्हणे, गाडीत आहे. मी म्हटलं, तुझ्या गाडीला गोळे करून घालायचेत का?"

वेन्देल बाची दारातल्या पायरीवरच बसला. "नेनी, तो डबा आणा."

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तिघांनी त्र्याऐंशीचा गठ्ठा सोडला आणि पत्ते मांडावे तशी पानं मांडली. प्रत्येक पानावर तारीख, वार, आणि खाली त्या दिवसाचं नाव. इर्मा नेनीनं माझ्याकडून गठ्ठा काढून घेतला. जुलै आला. अठरा, एकोणीस, एकवीस.

वीस नव्हती.

ऑगस्ट पूर्ण. सप्टेंबर पूर्ण. ऑक्टोबरातली तीन तारीख होती. त्या पानावर माझी नजर नको तेवढा वेळ राहिली. अठरा, एकोणीस, वीस, वेन्देल. मग एकदम बावीस.

"एक्याऐंशी आणि ब्याऐंशीचीही बघा," वेन्देल बाची म्हणाला. तिथल्या एकवीस ऑक्टोबर आणि वीस जुलै दोन्ही वर्षं जागेवर होत्या. एक्याऐंशीत फक्त तेरेझचं पान नव्हतं, पंधरा ऑक्टोबर. ब्याऐंशीत गिझेलाचं, सात मे.

"बॉडी थापायला घेतली की तो त्या दिवशीच्या पानावरचं नाव कापून पहिल्या थरावर ठेवायचा आणि वरून दुसरा थर द्यायचा," वेन्देल बाची सावकाश म्हणाला. "गाडीचा नावाचा दिवस. बस, एवढंच."

इर्मा नेनी खुर्चीत बसली.

"तीस वर्षं मी त्याच्या कबरीवर शेवंती ठेवलेली नाही," ती म्हणाली. "मला सांगायचं ना मेल्यानं."

पण वेन्देल बाची तोवर उभा राहिला होता. "नेनी, कोट घाला. तुम्हालाही यायचंय. आणि आजची आज जायचंय, त्यानं ती सीटखालची पट्टी घासून काढायच्या आत."

५

गेडेऑनच्या गॅरेजातून यंत्राची घरघर ऐकू येत होती. आत शिरलो तर तो बॉनेटला पॉलिश करत होता. सीट जागेवर होती. इर्मा नेनीला पाहून त्यानं यंत्र बंद केलं.

"दाखला आणलात?"

"आणतो," वेन्देल बाची म्हणाला. "तेवढं एक अडलंय, ते सोडव. तुझी गाडी बारा ऑगस्टला तपासून झाली. बरोबर?"

"कागद पाहिलात ना तुम्ही."

"पाहिला. कागद खरा आहे, चासीही खरी आहे. पण वरची बॉडी एकवीस ऑक्टोबरला थापलेली आहे. बाळाचा दाखला ऑगस्टचा आणि जन्म ऑक्टोबरचा, हे कसं काय?"

त्यानं डब्यातली पानं पॉलिशच्या बाटल्यांशेजारी मांडली. गेडेऑन हसला, पण पुरतं हसू आलं नाही. "कागदाचा कपटा. कुणीही मागाहून चिकटवील."

"दोन थरांच्या मध्ये? रेझीन वाळल्यावर? करून दाखव."

"मग त्यानं पान आधीच फाडून ठेवलं असेल."

"तो?" इर्मा नेनी कडाडली. "उद्याचं पान आज फाडेल त्याला उद्या दिसत नाही, असं म्हणायचा. मला हात लावू द्यायचा नाही कॅलेंडरला!"

गेडेऑननं हातातलं फडकं दुमडलं, परत उलगडलं. "बरं. बॉडी बदलली मी. मिस्त्रीकडून दुसरी घेतली. गुन्हा आहे?"

"नाही. पण पिवळ्या दोनच झाल्या. दुसरी त्यानं देझोसाठी थापली आणि पंधरवड्यात तो गेला. कारखान्याची किल्ली द्राक्षतोडणीला येणाऱ्या तुझ्याकडे होती. तळघराचीही, येताना नेनीनंच सांगितलं. दोन महिन्यांच्या नव्या गाडीची बॉडी माणूस का बदलतो, गेडेऑन? आणि जुनीचं उजवं मडगार्ड कशानं फुटलं?" वेन्देल बाचीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू चासी ठेवलीस, इंजीन ठेवलंस, दिवे ठेवलेस, बोल्ट न बोल्ट नव्या बॉडीत आणलास. पोलीस आले तेव्हा नंबर जुळला. देझोकडे दाखवायला काही उरलंच नाही. आणि काल तू चौघी म्हणालास. आपली मूळची बॉडी तू स्वतःच्या हातानं रिकामी केलीस, सीटखालची मार्गित तेव्हाच पाहिली होतीस."

गेडेऑन गाडीच्या दाराला टेकला.

"ती मधेच आली," तो म्हणाला. "दिवा नव्हता सायकलला. मी दर वर्षी तिच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. एकही वर्ष चुकवलेलं नाही."

"आणि माझ्या बाबांसाठी?" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्यांच्यासाठी काय लावलंस?"

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पोलिसांत त्यानं लिहून दिलं. इतक्या वर्षांनी त्याला कायदा काय करणार, ते वकील बघताहेत. बाबांच्या खटल्याचा कागद पुन्हा उघडायला वेळ लागेल म्हणतात, आणि बाबांकडे तेवढा वेळ आहे का, ही काळजी मला अजून रोज पहाटे उठवते. आई हे न कळता गेली, त्यावर तर काही इलाजच नाही. मृतांच्या दिवशी इर्मा नेनी शेवंतीची पाटी घेऊन कबरस्तानात गेली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात वेन्देल बाचीनं पिवळी फेच्के वृद्धाश्रमाच्या अंगणात आणून उभी केली. बाबांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. सगळं मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ते ऐकून नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते. आता त्यांनी उजव्या मडगार्डवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला आत बसव."

दोघांनी धरून बसवलं. त्यांनी चाक धरलं, आरसा हलवून पाहिला. दार ओढून घेतलं. ते लागेना. पुन्हा ओढलं, तरी बोटभर फट राहिलीच.

"तरी मी जजसाहेबांना सांगत होतो," बाबा म्हणाले, "गाडी पुरी झालेली नाही."